गाडी आणि माणूस मिळून

पिशवी काट्यावर ठेवली गेली तेव्हा मी पंख्याकडे बघत होतो. पंखा बंद होता. हे मुद्दाम सांगतो, कारण माझा धंदाच काट्याकडे बघण्याचा आहे. जळगावात दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं काटे दुरुस्तीचं दुकान आहे, आणि काट्यावर काहीही पडलं की माझी मान आपोआप आकड्याकडे वळते, जेवायला बसल्यावर ताटाकडे वळावी तशी. लग्नात नवरदेवाला पाटावर उभं करतात तेव्हाही मी पाटाच्या पायांकडे बघतो. पण एप्रिलमधल्या त्या दुपारी मयुरीवहिनींनी खताच्या गोणीतून शिवलेली पिशवी दोन्ही हातांनी उचलून प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवली, आणि मी बंद पंख्याची पाती मोजली. तीन होती. पिशवीत काय आहे ते आवाजावरूनच कळलं होतं. लोखंड वाजतं. शिसं वाजत नाही, ते फक्त येऊन बसतं.

"भिकननानांनी मागितलंय," वहिनी म्हणाल्या. "आखाजी झाली की पुढच्या रविवारी स्पर्धा आहे, त्याईच्या नावाची. जॅकेट स्टेजवर ठेवणार म्हणे, खुर्चीले घालून. आणि फ्लेक्सवर वजन टाकायचं आहे. नाना म्हणे, प्रेमराज सांगीन तोच आकडा छापू." प्रेमराज म्हणजे मी, आणि आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. त्यांनी घडी केलेला कागद पुढे सरकवला. नानांच्या अक्षरात लिहिलं होतं: अंगावर अमुक किलो वजन घेऊन पळणारा खानदेशचा वाघ, कै. चंदन. 'अमुक' हा शब्द नानांनी खरोखरच लिहिला होता, आणि फ्लेक्सवाल्याला कोणी सांगितलं नाही तर तो तसाच छापला जाईल, हे मला नानांच्या आणि फ्लेक्सवाल्याच्या ओळखीवरून दिसत होतं. "आणि किती वेळा जिंकले तेही टाकू म्हणते," वहिनी म्हणाल्या. "एका पट्टीला एक ना?" हे त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, पदराने मानेवरचा घाम पुसता पुसता, दळण झालं का असं विचारावं तसं.

वहिनी म्हणजे चंदनची बायको. चंदन म्हणजे माझा मित्र, नशिराबादचा, शेतात ठिबकच्या नळ्या जोडणारा फिटर, आणि महिन्यातल्या एका रविवारी मोटारसायकलवर चारशे दोन मीटर सरळ पळणारा. गेल्या मे महिन्यात तो वारला. चारशे दोनच मीटर का, असं मी नानांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, जगभर तेवढंच असतं, आपण कशाला दोन मीटर सोडायचे. स्पर्धेचं नाव अखिल खानदेश ड्रॅग अजिंक्यपद. अखिल म्हणजे जळगाव, धुळे, आणि एकदा नंदुरबारचा एकजण आला होता तो. नरडाण्याच्या पुढे एका कारखान्यासाठी बांधलेला काँक्रीटचा रस्ता आहे, कारखाना आला नाही, रस्ता मात्र दीड किलोमीटर आला आणि थांबला. तिथे परवानगी काढून, हेल्मेट-जॅकेटची सक्ती करून, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या. समोर दिव्यांचा खांब, त्याला सगळे झाड म्हणतात. तीन पिवळे दिवे, मग हिरवा. हिरव्याच्या आधी हललात तर लाल. पंधरा सेकंदांत सगळं संपतं आणि मग दोन तास भांडण चालतं. मी त्या मंडळाचा वजनवाला. काटा माझा, रजिस्टर माझं, सही माझी.

भांडण नेहमी इंजिनाचंच. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या हलक्या, दर फेऱ्याला पेटणाऱ्या, निळा धूर सोडत सुटणाऱ्या. फोर-स्ट्रोक एकाआड एका फेऱ्याला पेटतात, म्हणून त्यांना सीसी जास्त द्यावे लागतात. पहिल्या वर्षी टू-स्ट्रोकवाले सगळं जिंकले. धुळ्याचे फोर-स्ट्रोकवाले म्हणाले, आम्ही येत नाही. मग त्यांना दीडशेवरून एकशे पासष्ट सीसी दिले. मग ते सगळं जिंकले आणि जळगाववाले म्हणाले, आम्ही येत नाही. मग आम्हाला सिलिंडरची भोकं रुंद करायची मुभा दिली. असं करत करत आम्ही दोन वर्षं एका बाजूचं दुखणं दुसऱ्या बाजूला सरकवत होतो. शेवटी धुळ्याच्या एका जिनिंगच्या ऑफिसात बैठक झाली, आणि मंडळाचे अध्यक्ष भिकननाना, जे आधी कुस्त्यांच्या दंगलीत पंच असायचे आणि अजूनही कुणाचा हात हातात घेतला की सोडत नाहीत, म्हणाले, "दोन्हीसले सारखंच दुखाले पाहिजे. मंगच नियम बरोबर शे." ठरलं ते असं: टू-स्ट्रोकवाल्यांचं वजन एकशे साठ किलोपेक्षा कमी नको. कमी भरलं तर शिसं लावा. कोणीतरी विचारलं, कशाचं वजन, गाडीचं की माणसाचं? त्यावरून बारीक माणसं आणि जाड माणसं अशी आणखी एक फाळणी होणार होती. एकाने तर सकाळच्या शेवभाजीची कटती, म्हणजे वजावट, मागितली. नानांनी टेबलावर हात ठेवला. "गाडी न् मानूस मिळीसन एकच जनावर शे. बठ्ठं एकत्र मोजा." माझ्या रजिस्टरात त्या दिवशी तसा रकाना आखला गेला: गाडी आणि माणूस मिळून. एकच रकाना.

कटतीचं मला नवल नव्हतं. माझे वडील, मगनआबा, केळीच्या ट्रकांवर मापाडी होते. घड तोलायचा, त्यातून दांड्याचं वजन वजा करायचं, आणि उरलेला आकडा मोठ्याने ओरडायचा. ट्रकच्या पलीकडे उभ्या शेतकऱ्यालाही ऐकू गेला पाहिजे आणि इकडच्या व्यापाऱ्यालाही. आबांचा आवाज गेला तो त्यानेच. घरी ते कुजबुजल्यासारखे बोलायचे आणि मीठ मागितलं तरी आम्हाला वाटायचं, काहीतरी गुपित सांगत आहेत. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं: "आकडा मनमा ठेवस तो मापाडी नही, चोर शे." तेव्हा मी हसलो होतो, कारण मापाडी कोणाला व्हायचं होतं. मी डिजिटल माणूस. माझ्या काट्यांवर आकडा लाल अक्षरांत स्वतःच उभा राहतो, ओरडावं लागत नाही. दुकानात अजून जुनी लोखंडी वजनंही दुरुस्तीला येतात. पाच किलोचं वजन वापरून वापरून झिजतं, चाळीस-पन्नास ग्रॅम कमी होतं, दिसायला तसंच दिसतं. त्याच्या पोटात एक भोक असतं. त्यात शिसं वितळवून ओतायचं, वजन पुन्हा पाच किलो भरेपर्यंत, आणि वर शिक्का बसतो. लोखंड किती उरलंय ते कोणी विचारत नाही. पाच किलो भरतंय ना, मग झालं.

चंदनला सुरुवातीला शिसं लागलंच नाही. त्या दसऱ्याला तो आणि वहिनी दुकानात आले होते. दसऱ्याला आम्ही काट्यांना झेंडूचे हार घालतो आणि जो येईल त्याला तोलतो, ही आमच्या दुकानाची रीत, मीच पाडलेली. चंदन अडुसष्ट भरला. गाडी पेट्रोलसकट चौऱ्याऐंशी, हेल्मेट, बूट, हातमोजे आणि जॅकेट मिळून आठ. एकशे साठ. बरोब्बर. तो म्हणाला, "नियम माझ्या मापानं शिवला की काय बाप्पा?" मग त्याने वहिनींना काट्यावर ढकललं. त्या नको नको म्हणत उभ्या राहिल्या, हातात सोन्याची म्हणून दिलेली आपट्याची पानं तशीच. अठ्ठावन्न चारशे. "पानं वजा कर," चंदन म्हणाला, "नाहीतर फुगून दाखवीन ती." वहिनी हसल्या तेव्हा आकडा नाचला. हसणारा माणूस काट्यावर स्थिर होत नाही, शंभर-दोनशे ग्रॅम इकडे तिकडे होत राहतात. मी तेव्हा त्यांना सांगितलं होतं, हसणं थांबवा म्हणजे लिहितो.

नोव्हेंबरच्या स्पर्धेला चंदनचं वजन एकशे अठ्ठावन्न भरलं. मी म्हणालो, गाडीचं काय काढून टाकलंस? तो म्हणाला, काही नाही, दिवाळीत तेलकट खाल्लं नाही. मी हसलो. जगात दिवाळीत वजन कमी झालेला पहिला माणूस म्हणून मी त्याची नानांशी ओळख करून दिली, आणि नानांनी त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. दोन किलो शिसं मी माझ्या गाडीतून काढून आणलं, दुकानातलंच, वजनांच्या पोटात ओतायचं. शिसं गाडीला खाली बोल्टने लावायची पद्धत आहे. त्याने नको म्हटलं. "गाडी कायले जड करतो? मले लाव." मग मी त्याला एकेक किलोच्या चपट्या पट्ट्या ओतून दिल्या आणि वहिनींनी जॅकेटला आतून खिसे शिवले. त्या घरी ब्लाउज शिवतात, नशिराबादच्या त्यांच्या गल्लीत त्यांचा हात चांगला मानतात. घरी त्याने सांगितलं, जो जिंकतो त्याच्यावर एक किलो चढवतात, बाकीच्यांना बरं वाटावं म्हणून. हे त्याने मलाही सांगितलं, म्हणजे काय सांगितलंय ते सांगितलं, म्हणजे मी उलटं बोलू नये. मला गंमत वाटली. नियम म्हणून तो वाईटही नव्हता. मी तो पुढच्या बैठकीत मांडायचाही विचार केला.

डिसेंबरला पाच पट्ट्या. रजिस्टरात एकशे साठ लिहिलं आणि त्याच हाताने मनात वजाबाकी केली. एकशे साठातून चौऱ्याऐंशी, त्यातून आठ, त्यातून पाच. चौथीतली वजाबाकी आहे. काटा बंद केला तरी उत्तर विझेना, डोळे मिटल्यावर दिवा दिसत राहतो तसं त्रेसष्ट दिसत राहिलं. रस्त्याच्या कडेला निंबाखाली चंदन बूट काढून बसला होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "एकदा वेगळा उभा राहा. गाडीशिवाय, शिशाशिवाय."

"नियमात आहे का?"

"नाही."

"मग कायले नियम मोडतो? तू मंडळाचा माणूस."

पलीकडे कोणीतरी इंजिन तापवत होतं, बोलणं ऐकू जाऊ नये इतका आवाज. चंदनने पायातला मोजा नीट केला, पुन्हा काढला. "पोटात आहे," तो म्हणाला. "वरणगावच्या मामाले होतं तेच. नाशिकले जाऊन आलो, कंपनीच्या मीटिंगच्या नावानं. डॉक्टर म्हणे, दोन महिने आधी यायला पाहिजे होतं." डॉक्टर हे बहुतेक सगळ्यांनाच सांगत असावेत, त्याचा त्यांच्याकडे शिक्काच असेल. पण दोन महिने आधी म्हणजे ऑक्टोबर, आणि एक महिना आधी म्हणजे नोव्हेंबर, आणि नोव्हेंबरात माझ्याकडे दोन किलो होते. मी त्यावर विनोद केला होता. तो विनोद मला शब्दशः आठवतो. चांगला होता, हा त्यातला त्रास.

"घरी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगीन. आखाजीले. तोवर मयुरीले तू काही बोलू नको."

"आणि हे पळणं?"

"जिथं जातो तिथं कमी होऊन राह्यलो, प्रेम. ऑफिसात म्हणतात सुकला. सासरे म्हणतात पोरगी जेवू घालत नाही का. आरशात तर दाढीच जास्त दिसते. इथं एवढ्या एकाच जागेवर मी पूर्ण भरतो. झाडासमोर उभा राह्यलो की शेजारचा मले बरोबरीचा समजतो, आणि कागदावर पण तसंच आहे, तुझ्या सहीचं." मग तो उठून गाडीकडे गेला आणि त्याने मला मागे वळून सांगितलं, "एकत्रच लिही ना. तुझं काय जातं?"

माझं काय गेलं ते सांगतो. झोप गेली नाही, भूकही गेली नाही. मी नीट जेवत होतो, दोन किलो वाढलोसुद्धा, आणि हे मला दर महिन्याला माहीत होत होतं कारण काटा दुकानातच आहे. जानेवारीत आठ पट्ट्या. फेब्रुवारीत अकरा. मार्चमध्ये पंधरा, खिसे पुरेनात म्हणून वहिनींनी पाठीला दुसरी ओळ शिवली. मी पट्ट्या ओतायचो, त्या थंड व्हायच्या, त्याची बोटं एकेक पट्टी खिशात सरकवायची, आणि काटा म्हणायचा एकशे साठ. रजिस्टरची ती पानं कोणीही बघावीत. ऑक्टोबरपासून एकच आकडा, खाली खाली, एका सरळ रेषेत, इतकं स्थिर वजन मी कुठल्याच माणसाचं पाहिलेलं नाही. नानांनी एकदा ते पान सगळ्यांना दाखवून चंदनला शाबासकी दिली. "ह्याले म्हनतंस शिस्त," ते म्हणाले, आणि धुळ्याच्या पोरांना त्याच्याकडून शिकायला सांगितलं. चंदनने मान झुकवून नमस्कार केला. त्या सगळ्या हंगामात तो दोनदा जिंकला, एकदा समोरच्याची चेन तुटली म्हणून आणि एकदा समोरचा हिरव्याच्या आधी सुटला म्हणून. घरी मात्र त्याच्यावर किलोमागून किलो चढत होते. वहिनींनी गल्लीत सांगितलं असणार. ब्लाउजची मापं देता देता बायका विचारत असणार, किती झाले गं आता. आणि मी इकडे जळगावात बसून माझ्याच ओतलेल्या शिशाच्या खोटेपणाला नियमाचा आधार आहे याचं समाधान करून घेत होतो. नियम होताच. मी तो वाचून दाखवू शकतो.

एप्रिलच्या स्पर्धेला त्याला गाडीवर बसवायला दोघं लागले. ऊन एवढं होतं की काँक्रीटवर पाणी टाकावं लागत होतं, आणि त्या उन्हात तो एकोणीस किलो शिसं आणि चामड्याचं जॅकेट घालून उभा. जॅकेटमुळे बाहेरून पूर्वीचाच चंदन दिसत होता. शेजारी धुळ्याचा फोर-स्ट्रोकवाला जीवराम, चांगला, हसरा माणूस, त्याने चंदनला अंगठा दाखवला. पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा. हिरव्यानंतर पहिला हलला तो चंदन. त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्यांत इतक्या लवकर कोणीच हललं नव्हतं, हे वेळेच्या पावतीवर छापलेलं आहे. हलण्याला वजन लागत नाही, फक्त दिव्याकडे बघत राहावं लागतं, आणि तो दुसरीकडे कुठे बघतच नव्हता. मग जीवराम त्याच्या पुढे गेला आणि बराच पुढे गेला. फेरी संपल्यावर पुन्हा वजन करायचा नियम आहे. चंदन गाडीसकट काट्यावर आला. आकडा नाचून थांबला: एकशे एकोणसाठ चारशे. सहाशे ग्रॅम कमी. शेवटाला रस्त्याच्या कडेला वाकून त्याला उलटी झाली होती, ते मी लांबून पाहिलं होतं. नियमाप्रमाणे बाद. तो तसाही हरला होता, त्यामुळे बाद करून कोणाला काही मिळणार नव्हतं. मी लिहिलं, एकशे साठ. माझ्या आयुष्यातली ती एकमेव खोटी नोंद, आणि ती मी हरलेल्या माणसासाठी केली. चंदनने हेल्मेटच्या काचेतून ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्याने काच वर केली नाही. आखाजीला घरी सांगायचं त्याच्यावर आलंच नाही, आखाजीच्या आधीच त्याला दवाखान्यात ठेवलं आणि घरच्यांना डॉक्टरांनी सांगितलं, आणि तीन आठवड्यांनी सगळं आटोपलं. खांदा दिला तेव्हा मी पुढे उजवीकडे होतो. तिरडी इतकी हलकी होती की आम्ही चौघं भरभर चालायला लागलो, आणि मागून कोणीतरी सावकाश, सावकाश म्हणालं.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या. "एका पट्टीला एक ना?"

त्यांना विचारायचं होतं त्याचं उत्तर जगात माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं. ते कसंही दिलं तरी त्यात मी येत होतो. पट्ट्या जिंकण्याच्या नाहीत म्हटलं, तर मग कशाच्या, आणि कशाच्या हे म्हटलं, तर मग तुम्हाला कधीपासून माहीत होतं. नोव्हेंबरपासून, वहिनी. दोन किलोपासून. मी नानांच्या कागदावरच्या 'अमुक'कडे बघितलं. "हो," मी म्हणालो. "एका पट्टीला एक. एकोणीस वेळा." आवाज अगदी नेहमीचा आला. गिऱ्हाइकाला बॅटरी बदलावी लागेल असं सांगतो तो.

वहिनींनी मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी त्याईच्या पँटी लहान करत होते ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "दर महिन्याले. कधी अर्धा इंच, कधी एक. मार्चले तर दोन्ही बाजूनं दाबल्या, खिसे मागे जाऊन एकमेकाले लागले. जिंकून कोणाची कंबर उतरते का?"

"मग आता विचारलंत कशाला?"

"तुम्ही सांगता का ते पाह्यलं."

बाहेर कोणीतरी हातगाडी उभी करून टरबूज फोडत होतं. मी तेव्हा कुठे काट्याकडे बघितलं, बहुतेक दुसरीकडे कुठे बघायला जागा उरली नव्हती म्हणून. एकवीस किलो. जॅकेट तीन आणि पट्ट्या एकोणीस, म्हणजे बावीस यायला पाहिजे. "एक कमी आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. सवय. वहिनी थोड्या हसल्या, आकडा नाचण्याइतक्या नाही. "एक ठेवली घरी. पंख्यानं कापड उडतं." मग त्या म्हणाल्या, "त्याईले मी कधी विचारलं नाही. आज जिंकलो म्हणत त्या दिवशी एक भाकरी जास्त खात. कळण्याची, लोणी लावून. अर्धी नंतर उलटून पडायची, पण अर्धी राह्यची ना. मग मी पण विचारायची, कितवी पट्टी आज, कोणाले हरवलं. ते सांगत. जीवराम नावाच्या माणसाले तर त्याईनं सात-आठ वेळा हरवलं असेल." जीवरामला हे चाललं असतं. तो म्हणाला असता, अजून दोन वेळा टाका.

त्यांनी पिशवीतून जॅकेट ओढून बाहेर काढलं. मग स्वतःच काट्यावर चढल्या आणि उभ्याउभ्या, दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत राहिल्या. आतल्या खिशांची शिवण बारीक, पाठीवरच्या दुसऱ्या ओळीची जराशी वाकडी. "कसं घालत असतील," त्या म्हणाल्या आणि साडीवरून त्यांनी ते जॅकेट चढवलं. चव्वेचाळीस डिग्रीत, माझ्या बंद पंख्याखाली. खांद्यावर शिसं आलं तशा त्या आधी किंचित खाली गेल्या, मग सरळ झाल्या. बाह्यांतून हात अर्धेच बाहेर आले. रिकामी पिशवी त्यांनी पायाने बाजूला सारली. "किती?" त्यांनी विचारलं. खांबावरचा आकडा माझ्या बाजूला असतो, त्यांना दिसत नव्हता.

एकाहत्तर चारशे. स्थिर. माझ्या डोक्यात वजाबाकी झालीसुद्धा, मी न करता, जशी झाली होती सगळा हिवाळा. मी त्यांच्याकडे बघितलं. जॅकेट चढवताना दिसलं होतं, मनगटावरच्या बांगड्या कोपरापाशी सरकवून त्यांना दोरा बांधला होता, नाहीतर गळून पडतील म्हणून. गळ्याजवळची हाडं. हे वर्षभर मला दिसत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही, मी त्यांना चार-पाच वेळा भेटलो होतो आणि प्रत्येक वेळी चहा घेतला होता.

"उन्हाळा आहे," माझं बघणं बघून वहिनी म्हणाल्या. मग लगेच, "एकत्रच सांगा, भाऊ. जॅकेट धरून. फ्लेक्सवाल्याले काय करायचं वेगळं."

मी उठून उभा राहिलो. घसा साफ केला, आबा ट्रकवर करायचे तसा. "पन्नास चारशे," मी म्हणालो, इतक्या मोठ्याने की समोरचा टरबूजवाला सुरी थांबवून बघायला लागला. "चंदन होता त्या दसऱ्याला अठ्ठावन्न चारशे होतात, वहिनी. आठ किलो कमी आहे. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं, मी गाडी घेऊन येतो."

वहिनी काट्यावर तशाच उभ्या राहिल्या, चंदनच्या जॅकेटमध्ये. हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या, पण आकडा आता हलायला लागला होता, शंभर ग्रॅम वर, दोनशे खाली. मी त्यांना थांबा म्हणालो नाही. गल्ल्याखालचं जुनं रजिस्टर काढलं, कोरं पान उघडलं. त्यावरही रकाना आधीच आखलेला होता, गाडी आणि माणूस मिळून. मी लोखंडी पट्टी घेतली, त्या रकान्याच्या मधोमध ठेवली आणि वरपासून खालपर्यंत रेघ मारली.